‘मग याले काय येते?’ : पडद्यावरचा ऑटिझम आणि आपली गावे

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

सिनेमातल्या ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसाला काहीतरी विलक्षण येतच असते. १९८८ च्या ‘रेन मॅन’मधला रेमंड जमिनीवर सांडलेल्या दातकोरण्या एका नजरेत मोजतो आणि लास व्हेगासच्या जुगारखान्यात पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे मिळवून देतो. २०१० च्या ‘माय नेम इज खान’मधला रिझवान बिघडलेली जवळजवळ कोणतीही वस्तू दुरुस्त करतो. २०१७ ते २०२४ या काळात चाललेल्या ‘द गुड डॉक्टर’ या अमेरिकी मालिकेतल्या शॉन मर्फीला रोग्याच्या शरीराची आतली रचना डोळ्यांपुढे दिसते, तर २०२२ च्या कोरियन मालिकेतल्या वकील वू यंग-वूला कायद्याची पुस्तके मुखोद्गत आहेत. यांपैकी एखादे पाहिलेला पाहुणा आमच्या घरी येतो, माझ्या मुलाकडे थोडा वेळ बघतो आणि विचारतो, “मग याले काय येते?” विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, उलट बऱ्याचदा कौतुक करायचीच तयारी असते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, तो बोलत नाही, आणि त्याला जे येते त्याचे कुणी तिकीट काढणार नाही.

तहान लागली की तो माझे मनगट धरून मला माठापाशी नेतो आणि माझा हात उचलून गडव्यावर ठेवतो. माझ्या चेहऱ्याकडे तो बघत नाही, कारण त्याचे काम हाताशी असते. दुसऱ्याचा हात असा अवजारासारखा वापरणे, ही तपासणीच्या वेळी डॉक्टर आवर्जून विचारतात अशी खूण आहे. एवढे सिनेमे आणि मालिका पाहिल्या, पण मला ती कुठेही दिसली नाही. दातकोरण्या मोजणे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

त्यातही एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रेमंडचे पात्र लेखकाला ज्यांना भेटून सुचले, ते किम पीक हे अफाट स्मरणशक्तीचे अमेरिकन गृहस्थ होते. त्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा जन्मतःच नव्हता, आणि त्यांना ऑटिझम नसून वेगळीच जन्मजात अवस्था असावी, असे पुढे तज्ज्ञांचे मत पडले. म्हणजे ज्या पात्रावरून जगाने ऑटिझम ओळखायला घेतला, त्याचा मूळ नमुनाच बहुधा ऑटिस्टिक नव्हता.

माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या कथांमध्ये बदलतो तो दुसराच माणूस. ‘रेन मॅन’च्या शेवटी रेमंड होता त्याच संस्थेत परत जातो आणि स्वार्थी चार्ली मात्र भला भाऊ झालेला असतो. २०२५ चा ‘सितारे जमीन पर’ मी शंभर रुपये भरून यूट्यूबवर मोबाइलवर पाहिला, कारण आमच्या तालुक्याच्या गावी थिएटर उरलेले नाही. त्यातले बौद्धिक दिव्यांग असलेले दहाही खेळाडू खऱ्या आयुष्यातही तसेच आहेत, कुणी सोंग घेतलेले नाही, आणि म्हणून तो मला मनापासून आवडला. तरी कथा अखेर बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला शहाणे करण्याचीच आहे. पडद्यावरचा ऑटिझम नेहमी कुणाच्या तरी उपयोगी पडतो : तो पैसे मिळवून देतो, रोगी वाचवतो, नाहीतर धडधाकट माणसाला माणुसकी शिकवतो. जे मूल कुणाच्याच उपयोगी पडत नाही, ज्याला फक्त आजचा दिवस धड जायला हवा आहे, त्याच्यावर कथा उभी राहू शकते की नाही? येथील मंडळींचे मत वाचायला आवडेल.

वर्धेचा_वाचक

ताई, तुमची तक्रार मान्य आहे, पण ‘रेन मॅन’च्या आधी काय होते तेही पाहायला हवे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या मुलांचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे दोष आईच्या माथी मारला जात होता. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर आईच्या थंडपणामुळे मूल असे होते ही समजूत घरोघरी नेली. ‘रेन मॅन’ला चार ऑस्कर मिळाले, आणि त्यात आईवर बोट रोखलेले नव्हते. एका लोकप्रिय चित्रपटाने एवढे केले तरी ते थोडे नाही.

आपल्याकडचे सांगतो. माझ्या पुतण्याचे निदान ‘माय नेम इज खान’ येऊन गेल्यानंतर झाले. घरात आजोबांचा हट्ट होता की पोराला सैलानीच्या दर्ग्यावर न्यावे, तेथे अंगातले निघून जाते. डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे पालथ्या घड्यावर पाणी ठरला होता. शेवटी वहिनी म्हणाली, “शाहरुखनं त्या पिच्चरमध्ये केलं ना, तसंच आहे हे,” तेव्हा आजोबा गप्प झाले. त्यांच्या लेखी ज्या गोष्टीवर शाहरुख खानने सिनेमा केला ती भुताटकी असू शकत नव्हती. ओळख अर्धवट होती हे खरे, पण घराचे दार तिनेच उघडले.

खिचडीची_वेळ (अंगणवाडी सेविका)

वाचक भाऊ, तोच सिनेमा माझ्या कामात आडवाही येतो. मागे एका आईला मी हळूच सुचवले की मुलाला तपासायला नेऊ या, तर ती म्हणाली, “तो शाहरुख त बोलते, लगनही करते. आमचं पोट्टं त बोलतच नाही, मंग हे ते कसं असन?” हुशार आणि बोलका तोच ऑटिस्टिक, आणि न बोलणारा तो नुसता मंद किंवा मुका, अशी वाटणी लोकांच्या मनात होऊन बसली आहे. त्या वाटणीमुळे ज्या मुलाला लवकर मदत मिळायला हवी तेच मागे राहते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि शंका वाटली तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. ऑटिझम रक्त तपासून कळत नाही. मुलाला बघून आणि आईला विचारूनच निदान होते. नावाने हाक मारल्यावर वळून न बघणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, गाडी चालवण्याऐवजी ती उलटी करून चाकच फिरवत बसणे, आलेले दोन-चार शब्द पुन्हा निघून जाणे, या खुणा आईला माहीत असतील तर पथकाचे अर्धे काम होते. रोज रात्री गावातले अर्धे लोक ज्या मालिका बघतात, त्यांच्यातल्या एखाद्या लेकराला नुसती यांतली एक खूण असली, आणि त्यावरून घरात संवाद झाला, तरी माझ्या दहा गृहभेटींएवढे काम होईल. झी टीव्हीने २००९ मध्ये ‘आप की अंतरा’ ही ऑटिस्टिक मुलीची मालिका आणली होती. तशी पुन्हा कुणी केल्याचे मी तरी पाहिले नाही.

मुलींचे तर आणखी वेगळे आहे. मुलगी गप्प राहिली, कोपऱ्यात एकटी खेळली, तर आपल्याकडे तिला गुणाची म्हणतात.

‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकी कार्यक्रमात २०१७ मध्ये ज्युलिया नावाची ऑटिस्टिक बाहुली आली. तिला कुणी नमस्कार केला तर ती लगेच उत्तर देत नाही, आणि बाकीची पात्रे रुसून न बसता तिच्याशी खेळायची रीत शिकून घेतात. ती बाहुली हलवणाऱ्या बाईंचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे, हे तिच्या हालचालीत दिसते. त्यातला एक तुकडा मी मोबाइलवर आयांना दाखवला होता. भाषा कुणालाच कळली नाही आणि प्रसंग सगळ्यांना कळला.

रिकामी_बंडी

चित्रपट म्हणजे आरोग्य खात्याचे पत्रक नव्हे. लोक पैसे मोजतात ते काहीतरी घडावे म्हणून. नायक एकटा दहा गुंडांना लोळवतो तेव्हा कुणी शरीरशास्त्र विचारत नाही. शेतकऱ्यावरचा सिनेमासुद्धा आत्महत्येपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. आपण तोही बघतोच की.

निळा_खडू (वाशीम जिल्हा)

बंडी भाऊ, शेतकऱ्याच्या सिनेमाचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. तो बघून आपण “यात पेरणी कुठे आहे, भाव पडल्यावरचा बाजार कुठे आहे” असे चिडून म्हणतोच. पऱ्हाटी ताई तेवढेच म्हणत आहेत.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान तिशीत झाले, त्याआधी मला तऱ्हेवाईक समजत. एका शासकीय कार्यालयात कारकून आहे. पडद्यावर आपल्यासारखा माणूस उभा करताना नट मान वाकडी करतात, नजर तिरकी ठेवतात, एका सुरात बोलतात आणि बोटे चाळवतात. यातले काही माझ्यातही आहे, पण ते सगळे बाहेरचे झाले. कार्यालयात ट्यूबलाइटचा गूं-गूं आवाज, शेजारच्या टेबलावर शिक्का आपटण्याचा ठोका आणि खिडकीशी एकाच वेळी बोलणारी तीन माणसे, हे माझ्यासाठी एकाच तीव्रतेने चालू असते, त्यातले एकही मागे सरत नाही. त्या वेळी मी बाहेरून हसत “हो साहेब” म्हणतो आणि घरी जाऊन दिवा न लावता पडून राहतो. सिनेमात याच्या बरोबर उलटे असते : बाहेर सगळे दिसते आणि आत कॅमेरा जातच नाही.

कॅमेरा जिथे आत गेला तिथे काय होते, याचे उदाहरण २०१० चा ‘टेंपल ग्रँडिन’ हा दूरचित्रवाणीपट आहे. ग्रँडिन बाई खऱ्या आहेत, १९४७ चा जन्म, स्वतः ऑटिस्टिक, आणि जनावरे हाताळण्याच्या गोठ्यांचे, चिंचोळ्या वाटांचे आराखडे करण्यात त्यांचे नाव मोठे आहे. भूमिका क्लेअर डेन्स या नटीने केली आहे, म्हणजे नटी ऑटिस्टिक नाही. तरी चित्रपटात त्या शब्दांऐवजी चित्रांतून कसा विचार करतात ते आपल्याला डोळ्यांनी दिसते. जनावर कशाला बुजते हे शोधण्यासाठी त्या स्वतः त्याच्या वाटेने जाऊन पाहतात, आणि सावली, लोंबणारी साखळी, हलणारे कापड त्यांच्या नजरेत भरते. बैल डबक्यापाशी अडला की आपले गडी पराणी काढतात. ही बाई तिथे खाली वाकून बघते. पुढे जनावरांना औषधाच्या पाण्यातून नेण्यासाठी त्यांनी केलेला उतार तेथील माणसे आपल्या अकलेने बदलतात आणि जनावरे बुडतात. बंडी भाऊ, तुम्हाला हवे ते नाट्य यात भरपूर आहे. ताईंचा आक्षेप मात्र येथेही उरतो, कारण ग्रँडिन बाईंनाही काहीतरी असाधारण येतेच.

उलट टोकाचे उदाहरण सिया या गायिकेने केलेला २०२१ चा ‘म्युझिक’. त्यात मुलगी कासावीस होते तेव्हा तिला दाबून धरण्याची दृश्ये आहेत आणि तीच मायेची रीत म्हणून दाखवली आहे. अशा दाबण्याने श्वास कोंडून माणसे दगावलेली आहेत. ऑटिस्टिक लोकांनी आणि त्यांच्या संस्थांनी त्यावर जाहीर टीका केली. बघणारा बाप उद्या घरी तेच करून पाहील, म्हणून असली चूक मला दातकोरण्यांपेक्षा फार मोठी वाटते.

‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटावरून दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ८ जुलै २०२४ च्या त्या निकालात न्यायालयाने दृक्-श्राव्य माध्यमांसाठी काही सूत्रे घालून दिली आहेत. वैद्यकीय माहिती तपासून घ्यावी, दिव्यांगांचा जगण्याचा खरा अनुभव दाखवावा, त्यांची टवाळी करू नये, आणि अचाट शक्ती असलेले म्हणूनही दाखवू नये, कारण त्यातून अशा शक्तीमुळेच ते सन्मानाला पात्र ठरतात असा अर्थ निघतो. ‘मग याले काय येते’ या प्रश्नाची दखल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे म्हणायला हरकत नाही.

वर्धेचा_वाचक

मराठीत ऑटिझमवर नसला तरी एक चांगला पायंडा आहे. २०१४ च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची विशेष दखल घेतली गेली. पदके त्यातही आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो.

मंडईचा_प्रेक्षक (गडचिरोली जिल्हा)

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांसाठी लिहितो, त्यामुळे हा विषय माझ्या गळ्याशी आला आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाली की गावोगावी रात्रभर नाटके होतात, आणि बऱ्याच संहितांमध्ये एक वेडसर भाऊ असतो. तो आला की लोक हसतात, शेवटी त्याने एखादी शहाणपणाची गोष्ट केली की टाळ्या पडतात. आमच्या नटांनी या भूमिकेची चाल १९९१ च्या ‘चौकट राजा’वरून उचललेली आहे. दिलीप प्रभावळकरांचा नंदू मतिमंद आहे, ऑटिस्टिक नव्हे, आणि त्यांनी तो फार समजून केला होता. पण नकलेची नक्कल होत होत आता नुसती वाकडी मान आणि लोंबता ओठ उरला आहे. मतिमंद, मुका, ऑटिस्टिक, फिट येणारा, सगळ्यांना आम्ही तीच मान देतो.

यंदाच्या माझ्या नाटकात नायिकेचा धाकटा भाऊ असा आहे. त्याला नीट ऑटिस्टिक माणूस म्हणून लिहावे असे मला वाटते. निर्मात्याची अट एकच आहे की तीन प्रवेशांत हशा हवा. काय करावे?

पऱ्हाटी

लेखक भाऊ, हशाचे उत्तर निळा खडू यांच्याकडे मागावे. मी भीतीबद्दल सांगते, कारण तिच्याशी सिनेमा फार हलकेपणाने वागतो. रिझवान राष्ट्राध्यक्षांना भेटायला एकटा अमेरिकाभर फिरतो. ‘बर्फी’ चित्रपटातली ऑटिस्टिक झिलमिल घर सोडून बर्फीबरोबर भटकते आणि तो त्या चित्रपटाचा सर्वात गोड भाग आहे. आमच्या घरी मूल दारातून निसटणे म्हणजे काळजाचे पाणी होणे. अशा पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. घरातून निघून गेलेली ऑटिस्टिक मुले दगावतात त्यात बुडून जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. आपल्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरी आहेत आणि आता ठिकठिकाणी शेततळी झाली आहेत. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचे अस्तर असते, त्यावरून मोठा माणूसही घसरला तर वर येऊ शकत नाही. वेचणीच्या दिवसांत मी धुऱ्यावर त्याच्या कमरेला ओढणी बांधून तिचे टोक माझ्या कमरेला बांधते. पाहणाऱ्याला ते क्रूर वाटते, आणि एकदा रस्त्याने जाणाऱ्या एकाने त्याचा व्हिडिओही काढला होता. तुमच्या नाटकात बहीण कापूस वेचते आहे आणि ओढणीचे दुसरे टोक भावाच्या कमरेला आहे, एवढे दाखवा. त्यावर संवाद लिहू नका.

आणखी एक. त्याला काहीतरी हवे असू द्या. सगळ्यांना त्याच्याकडून काहीतरी हवे असते, त्याला स्वतःला काय हवे हे कुणी लिहीत नाही. माझ्या मुलाला सायकल उलटी करून मागचे चाक फिरवायला हवे असते, आणि ते चाक कुणी थांबवले की त्याला जे दुःख होते ते नाटकातल्या कोणत्याही दुःखाएवढे खरे आहे.

निळा_खडू

हशासाठी माझ्या आयुष्यातून एक प्रवेश घ्या. आपल्याकडे निरोप देताना “या एकदा घरी जेवायला” म्हणतात. मी विचारतो, “कधी?” समोरचा म्हणतो, “कधीबी या, मंगळवारी या.” मंगळवारी मी डबा न नेता त्यांच्या दारात उभा असतो. लोक हसतील, आणि हसू पडेल ते बोलावून विसरलेल्या यजमानावर. त्याच निकालात न्यायालयाने दिव्यांगाला हिणवणारा विनोद आणि दिव्यांगत्वाची समज वाढवणारा विनोद यांत फरक केला आहे. हा प्रवेश दुसऱ्या प्रकारात बसतो, पण त्यासाठी नटाने मान सरळ ठेवली पाहिजे.

रिकामी_बंडी

हा प्रवेश चालेल. यजमानाची बायको आतून “कोण हाय?” विचारते तेव्हा जास्त हशा येईल.

मंडईचा_प्रेक्षक

निर्मात्यांना वाचून दाखवले. मंगळवारचा प्रवेश त्यांना इतका आवडला की त्यांनी तो दोनदा हवा म्हटले; यजमानाची बायकोही घेतली. ओढणी ठेवायला ते तयार झाले. मनगट धरून माठापाशी नेण्याची कृती मागच्या रांगेतून दिसणार नाही असे दिग्दर्शकाचे म्हणणे पडले, म्हणून माठ रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणतो आहे. सायकल मात्र चाकासकट मिळाली.

घोडे एकाच ठिकाणी अडले आहे. शेवटच्या अंकात भाऊ अचानक सुरेल गाणे म्हणतो, पाहुण्यांची मने पाघळतात आणि बहिणीचे मोडलेले लग्न पुन्हा जुळते, हा भाग काढायला निर्माते तयार नाहीत, कारण गायक नट आधीच ठरलेला असून त्याची बिदागीही देऊन झाली आहे.

पऱ्हाटी

गाणे ठेवा. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना गाणे आवडते, यात खोटे काही नाही. त्याने ते स्वतःसाठी म्हणावे, हवे तेव्हा मध्येच सोडावे, एकच ओळ हवी तितक्या वेळा म्हणावी. फक्त त्या गाण्याने लग्न जुळू नये.

मंडईचा_प्रेक्षक

मग लग्न मामाकडून जुळवतो. मामाचे पात्र पहिल्या अंकानंतर तसेही मोकळेच बसून आहे.